विषयांकित घर अवलोकनार्थ सादर

परवानगीशिवाय बांधलेले घर हे घर नसते. तो एक दीर्घकाळ चाललेला गैरसमज असतो. त्यात माणसे जन्मतात, भांडतात, बटाटे उकडतात, म्हातारी होतात. पण या सगळ्याला कायद्याच्या दृष्टीने आधार नसतो, कारण ज्या छपराखाली हे घडले ते छप्परच मुळात घडलेले नसते. हा विचार माझा नाही. एवढा स्पष्ट विचार मला सहसा सुचत नाही. दूर दक्षिणेकडच्या आमच्या बेटांवर पुएर्तो मेयेन हे गाव आहे; तिथल्या नगरपालिकेच्या बांधकाम कार्यालयात या अर्थाचा फलक आहे, आणि त्या कार्यालयाच्या भिंतीला लागून जे नगर वाचनालय आहे, तिथे मी बरीच वर्षे बसतो आहे. (वाचायला फारसे कोणी येत नाही. पलीकडची रांग लांबली की लोक टेकायला येतात. त्यांची नोंद मी वाचक म्हणून करावी की नाही, हे अजून ठरलेले नाही.) भिंत फळ्यांची असल्यामुळे पलीकडचे सगळे ऐकू येते. जे ऐकले तेच लिहितो आहे. चूक आढळल्यास ती भिंतीची समजावी.

घर ही स्थावर वस्तू आहे, असे कायदा मानतो. समुद्र तसे मानत नाही, आणि समोरच्या लिंकाचो बेटावरची माणसे तर मुळीच मानत नाहीत. तिथे जागा आवडेनाशी झाली, भावाशी बिनसले किंवा भुताचा त्रास वाढला, तर लोक घर सोडून जात नाहीत. घर घेऊन जातात. खिडक्या काढायच्या, आतून तिरक्या फळ्या ठोकायच्या, खाली ओंडके सरकवायचे, बैल जुंपायचे, भरतीच्या वेळी घर पाण्यात लोटायचे, होड्यांनी ओढत न्यायचे, आणि पलीकडच्या काठावर पुन्हा बैल. याला मिंगा म्हणतात. मिंगेचे नियम असे: ज्याचे घर त्याने स्वतः दारोदार जाऊन तोंडाने मागायचे. ज्याच्याकडे मागितले त्याने नाही म्हणायचे नाही. काम झाल्यावर मागणाऱ्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. (उपनियम नाहीत. परिशिष्ट नाही. एवढ्यावर एक समाज कसा चालतो, यावर कोणीतरी अभ्यास करायला हवा.)

एदुविनाबाई रेमोल्कोय या लिंकाचोवरच्या विधवा. त्यांच्या आजोबांनी बांधलेले लाकडी घर अगदी किनाऱ्याच्या कडेला होते. आजोबांच्या काळी ते कडेला नव्हते. कडा नंतर आली. एका हिवाळ्यात समुद्राने संडास नेला, पुढच्या हिवाळ्यात कोंबड्यांचे खुराडे. तिसऱ्या खेपेला तो कशासाठी येणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. बाईंच्या मुलीने टेकडीवरची आपली जागा देऊ केली. घर उचलून टेकडीवर नेणे एवढेच काम होते, आणि तेही हिवाळ्यातल्या उधाणाआधी. परवानगी न घेता ते झालेही असते. पण वीज कंपनी विनापरवाना घराला वीज देत नाही. आणि वीज नसती तरी बाई कार्यालयात आल्याच असत्या, कारण न विचारता काही करणे लिंकाचोत असभ्यपणाचे समजतात.

कार्यालयात अर्जाच्या खिडकीपाशी नोल्फाबाई बसतात. त्या कडक नाहीत, फक्त नीटनेटक्या आहेत.

“नवीन बांधकाम, की जुन्याचं नियमितीकरण?” त्यांनी विचारले.

“घर जुनं आहे. जागा नवी,” एदुविनाबाई म्हणाल्या.

“असा रकाना नाही.”

“मग गं बाई?”

“एक तर घर नवं करा, नाहीतर जागा जुनी करा.”

वरवर पाहणाऱ्याला हे उत्तर विचित्र वाटेल. मलाही प्रथम वाटले होते. पण मी त्यावर शांतपणे विचार केला, आणि नियमांची रचना किती काळजीपूर्वक केली आहे हे ध्यानात आले. जुन्या घराचे नियमितीकरण करायचे तर ते घर त्या जागेवर उभे असले पाहिजे. ते त्या जागेवर उभे करायचे तर आधी परवाना हवा. परवाना नव्या बांधकामालाच मिळतो, आणि नव्या बांधकामाची पहिली अट अशी की काम अजून सुरू झालेले नसावे. सदर काम एदुविनाबाईंच्या आजोबांनी सुरू केले होते. सबब परवानगीपूर्वी काम सुरू केल्याबद्दल आजोबांच्या नावे नोटीस निघाली. (आजोबा गावच्या दफनभूमीत आहेत. नोटीस ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली, हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते तिथून कधीच हललेले नाहीत.)

शिवाय घर जिथून निघणार, तिथे ते यापुढे नसणार. आणि घर नसणे म्हणजे पाडकाम. तेव्हा पाडकामाचा परवाना हवा. पाडकामाला उंदीरमुक्तीचा दाखला लागतो, म्हणजे पाडलेल्या घरातले उंदीर शेजाऱ्याकडे जाऊ नयेत. उंदीर घराबरोबरच जाणार असतील तर काय, असे एदुविनाबाईंनी विचारले. नोल्फाबाईंनी नियमांचे पुस्तक उलटून पाहिले. मग म्हणाल्या, “त्यांचा स्वतंत्र अर्ज करा.”

त्यानंतर रस्तारेषेचा दाखला. टेकडीवर रस्ता नाही. गाईंची पायवाट आहे. तीच रस्ता मानून नकाशावर रेषा मारली. नकाशा मंजूर होईपर्यंत गाईंनी वाट बदलली. (दरवर्षीच्या अहवालानुसार या तालुक्यातील परवान्यांचे प्रलंबित राहण्याचे कारण: अर्जदाराचा हलगर्जीपणा, नव्व्याण्णव टक्के; गाई, एक टक्का.)

हे सगळे पार पडले, याचे श्रेय एदुविनाबाईंच्या स्वभावाला आहे. त्या प्रत्येक वेळी होडीने यायच्या, खिडकीपाशी बटाट्यांची पिशवी ठेवायच्या, “घरचे आहेत” म्हणायच्या आणि नवा कागद घेऊन जायच्या. शेवटी एकच गोष्ट उरली: बांधकाम संचालकांनी स्वतः घर पाहणे.

संचालक लेआंद्रो अराया हे सज्जन गृहस्थ आहेत, आणि हे मी भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा हेतूने लिहीत नाही. ते उत्तरेकडच्या वाळवंटातले. तिथे पाऊस ही ऐकीव गोष्ट असते आणि घर एकदा ठेवले की ठेवले. परीक्षेत पहिले येऊन ते आमच्या बेटांवर नेमले गेले. समुद्राकडे पाहताना ते खुर्ची धरतात. एकदाच ते होडीत बसले होते, ती धक्क्याला बांधलेली होती, आणि तरीही त्यांना दोघांनी धरून घरी पोहोचवावे लागले.

त्यांनी एदुविनाबाईंचे म्हणणे नीट ऐकून घेतले आणि ते म्हणाले, “मी गुरुवारी येऊन पाहतो.”

इथे एक घोटाळा झाला. कार्यालयात ‘येऊन पाहतो’ हा एक टप्पा असतो. लिंकाचोवर तो शब्द असतो. तिथे येतो म्हटलेला माणूस एक तर येतो, नाहीतर वारलेला असतो. एदुविनाबाईंनी गुरुवारी खड्डा खणून, दगड तापवून, शिंपले, डुकराचे मांस आणि बटाटे पानांखाली शिजायला घातले, कारण साहेब समुद्रावरून भुकेले येणार. साहेब आले नाहीत. हवा खराब होती. पुढच्या गुरुवारी हवा चांगली होती, पण साहेबांनी ती खिडकीतून पाहिली आणि त्यांना पुरेशी चांगली वाटली नाही. असे कितीतरी गुरुवार गेले. दर गुरुवारचे जेवण अखेर बाईंच्या डुकराला जाई, आणि तो प्राणी इतका पोसला गेला की शेजारी त्यालाच ‘साहेब’ म्हणू लागले.

उधाण जवळ येत होते. बेटावर लोक चुलीभोवती जमले आणि प्रश्नाचा विचार झाला. हे मी पाहिलेले नाही; एदुविनाबाईंनी नंतर वाचनालयात बसून सांगितले. त्यांच्या नात्यातले एलिएसेर लेविकोय, ज्यांच्याकडे बेटावरची सर्वांत दणकट बैलजोडी आहे, ते म्हणाले, “माणूस वाईट नाहीये. त्याला यायचंय. समुद्र येऊ देत नाही त्याला.”

“मग?” कोणीतरी विचारले.

“मग काय? बिचाऱ्याचा शब्द खाली पडायला लागलाय. आपणच नेऊ घर. त्याचा शब्द तरी राहील.”

वाचकांपैकी काहींना यात कार्यालयाची टिंगल दिसेल. तसे काही नव्हते. मी त्या माणसांना ओळखतो. ती एका संकोची माणसाला मदत करायला निघाली होती.

घर सकाळच्या भरतीला आले. मी खिडकीत होतो. आधी मला वाटले की माझा चष्मा बिघडला. खाडीच्या मधोमध एक पिवळे घर, छपरावर झेंडा, पुढे होड्यांची रांग, आणि घर अशा संथपणे येत होते जणू काही ते रोजच येते. दुपारी ते बैलांनी चढण चढून चौकात आणले आणि नगरपालिकेच्या दारासमोर ठेवले. मग खिडक्या बसवल्या, चूल मांडली, धूर निघू लागला. एदुविनाबाईंनी पडदे लावले, पायरी झाडली आणि त्या कार्यालयाच्या खिडकीपाशी आल्या.

“नोल्फाबाई, साहेबांना म्हणावं, घर आलंय.”

नोल्फाबाईंनी मान वळवून बाहेर पाहिले आणि म्हटले, “रांगेत आहे का?”

अरायासाहेब बाहेर आले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण ते बराच वेळ टोपी हातात धरून उभे होते. मग, ते सज्जन असल्यामुळे, त्यांनी पाहणी केली. खांब पाहिले, छपराची उंची मोजली, जिन्यावर उडी मारून पाहिली. घर निर्दोष होते. तसा शेराही त्यांनी लिहिला. मग अभिप्रायाचा शेवटचा मुद्दा आला: लगतच्या इमारतीची ना-हरकत.

पाहणीच्या वेळी घर जिथे असेल तिथल्या शेजाऱ्याची ना-हरकत लागते. इथे शेजारी म्हणजे नगरपालिका. नगरपालिकेची हरकत नव्हती. पण ना-हरकत देणारी इमारत स्वतः परवानाधारक असावी, असे कलम आहे. तेव्हा अरायासाहेबांनी नगरपालिकेच्या इमारतीचा परवाना मागवला. दप्तरात शोधले, माळ्यावर शोधले, माझ्याकडेही कवितांच्या मागे शोधले. परवाना कधी काढलेलाच नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, मोजणी केल्यावर असे दिसले की इमारत रस्तारेषेच्या दीड मीटर पुढे आली आहे. नव्व्याण्णव टक्के हलगर्जी अर्जदारांना परत पाठवणारे कार्यालय गेली कित्येक वर्षे रस्त्यात बसलेले होते.

दुसरा अधिकारी असता तर त्याने मोजपट्टी गुंडाळून ठेवली असती. अरायासाहेबांनी स्वतःलाच नोटीस काढली, स्वतःच ती स्वीकारली, आणि प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत संबंधित सर्व बांधकामे ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे एदुविनाबाईंचे घर चौकातून हलवता येईना.

एलिएसेरभाऊ बैल घेऊन परत गेले. बाई राहिल्या. पुढच्या उधाणात समुद्र लिंकाचोवर आला आणि जिथे घर होते ती जमीन घेऊन गेला. कार्यालयाच्या दिरंगाईमुळे एक घर वाचले, अशी नोंद त्या वर्षीच्या अहवालात आहे. ती खोटी नाही, आणि ती वाचून बाईंना चौकात झोप लागली असेल असेही नाही. “वाचलं खरं,” त्या मला म्हणाल्या. “पण सकाळी उठून पडदा सारला की समोर नोल्फा. टेकडीवर बटाटे लावायची वेळ टळून चाललीये, भाऊ. माणसानं दुसऱ्याच्या अंगणात किती दिवस राहायचं?” त्यांच्या कोंबड्या बँडच्या चौथऱ्याखाली अंडी घालत. ती अंडी नगरपालिकेची की बाईंची, यावर सभेत चर्चा झाली आणि ती मधेच तहकूब झाली.

उपाय दोनच होते. रस्ता सरकवायचा, तर पलीकडे चर्च होते. इमारत मागे सरकवायची, तर निविदा काढावी लागणार होती. ती काढली. अट होती, अशा कामाचा पूर्वानुभव कागदोपत्री असावा. एकही निविदा आली नाही. मग लिंकाचोच्या ग्रामस्थांना पत्र गेले: ‘उपरोक्त विषयास अनुसरून बैल उपलब्ध करून देण्यात यावेत.’ उत्तर आले नाही. स्मरणपत्र गेले. त्यालाही नाही.

एदुविनाबाई आपल्या दारात मटार सोलत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “साहेब, कागदाला कोण हो म्हणेल? कागदाला तोंड आहे का?”

“म्हणजे मी काय करावं?”

“जावं लागेल. दारोदार. मागावं लागेल.”

“समुद्रातून?”

“दुसरी वाट आम्हाला अजून मंजूर झालेली नाही.”

ते गेले. बाई बरोबर गेल्या, कारण ओळखीच्या माणसाने न्यावे असा रिवाज आहे, आणि कोणीतरी बादली धरायलाही हवी होती. पुढचे त्यांनीच सांगितले आणि साहेबांनी ते नाकारलेले नाही.

“लाटांकडे बघू नका,” बाई म्हणाल्या. “बेटाकडे बघा.”

“बेट कुठंय?”

“ते काय, हलतंय ते.”

एलिएसेरभाऊंच्या दारात साहेब उभे राहिले तेव्हा ते हिरवट दिसत होते. त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली, “सदर इमारत ही रस्तारेषेच्या...”

“साहेब, ते ठेवा खिशात. कुणाचं घर हलवायचंय?”

“नगरपालिकेचं.”

“नगरपालिका आलीये का मागायला?”

“मी आलोय.”

“मग घर तुमचं. मागा.”

अरायासाहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. आपल्या घरी आपण कोणाकडे कधी काही मागितले होते, हे त्यांना आठवेना, असे ते नंतर नोल्फाबाईंना सांगत होते. ते म्हणाले, “एलिएसेरभाऊ, माझं घर थोडं मागे सरकवायचंय. बैल घेऊन याल का?”

“येतो.”

साहेब वाट पाहत उभे राहिले. काहीच झाले नाही.

“आणखी काय लागेल?” त्यांनी विचारले.

“भूक लागेल. जेवायला घाला.”

“नाही, म्हणजे तुमच्या बाजूने. अट, मुदत, काही...”

“तुम्ही मागितलंत, मी हो म्हटलं. आता त्यात काय राहिलं? या आत, बसा, पाय लटपटतायत तुमचे.”

साहेब बसले. ते पायांमुळे बसले की त्या उत्तरामुळे, हे मला ठरवता येत नाही. मग ते सगळ्या दारांवर गेले. एकाही दारावर ‘नाही’ ऐकावे लागले नाही. शेवटच्या दारातून बाहेर पडल्यावर एदुविनाबाई म्हणाल्या, “आलाच आहात तर टेकडी बघून घ्या. चढ आहे, पण हलत नाही.”

त्यांनी जागा पाहिली. शेजारी म्हणून बाईंची मुलगी होती, लगत इमारत कुठलीच नव्हती. तिची हरकत नव्हती. गाईंची वाट होती. ती त्या दिवशी योगायोगाने मंजूर रेषेवर होती. साहेबांनी कुंपणाच्या खांबावर कागद ठेवून परवान्यावर सही केली. सही थोडी वाकडी आहे. पुढे कोणी शंका काढू नये म्हणून इथे नमूद करतो: खांब सरळ होता.

नगरपालिकेची मिंगा झाली तेव्हा मी इमारतीतच होतो. कर्मचाऱ्यांची रजा मंजूर नसल्यामुळे सगळे आपापल्या टेबलापाशी बसून होते आणि नोल्फाबाईंनी खिडकी उघडी ठेवली होती. बाहेर आरोळी उठली, दोरखंड ताणले, बैलांनी मान खाली घातली, आणि शासन मागे सरकले. माझ्या फडताळांवरची पुस्तके खाली पडली. त्यांतली बरीचशी त्या दिवशी प्रथमच उघडली गेली. जेवणाचा प्रश्न होता, कारण बैलवाल्यांना जेवू घालण्याचा रकाना अंदाजपत्रकात नाही. खर्च ‘अवजड यंत्रसामग्री: इंधन’ या सदरात दाखवला. मुख्य पदार्थ बाईंनी दिला. दोन्ही साहेब जेवणाला हजर होते, एक पाहुणा म्हणून.

इमारत रेषेमागे बसताच तिचे नियमितीकरण होऊन परवाना निघाला, ‘जैसे थे’ आदेश उठला, आणि त्याच दिवशीच्या भरतीला पिवळे घर निघाले. या खेपेला अरायासाहेब पहिल्या होडीत होते. घर टेकडीवर चढले, दार समुद्राकडे करून ठेवले, वीज कंपनीचा माणूस आला, कागद उलटसुलट करून पाहिला, तक्रारीला जागा सापडेना म्हणून नाइलाजाने मीटर बसवून गेला. आता संध्याकाळी वाचनालयाच्या खिडकीतून टेकडीवर एक दिवा दिसतो. बटाटे उशिरा लागले, पण लागले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण अरायासाहेबांना आता समुद्राचे भय राहिलेले नाही, आणि आमच्या तालुक्यात परवाना असलेल्या इमारती फक्त दोन आहेत, हे त्यांच्या मनातून जात नाही. ते रोज कुठेतरी जातात. व्हरांड्याला काचा लावून जी खोली केलेली असते, जिन्याखाली जे कपाटापुरते म्हणून सुरू होऊन न्हाणीघर झालेले असते, शेजाऱ्याच्या भिंतीवर जी एक वीट टेकलेली असते, ते सगळे पाहतात. रागावत नाहीत. हळू आवाजात एवढेच विचारतात, “हे मूळ नकाशात होतं का?” गावात त्या आवाजाने माणसे भर दुपारी घामाघूम होतात. माझी टेबलखुर्ची ज्या कोपऱ्यात आहे, तो मूळ आराखड्यात उघडा सज्जा होता, असेही निघाले आहे.

परवा ते माझ्याकडे आले. हे सगळे मी लिहून काढतो आहे, हे त्यांना भिंतीमुळे कळले होते. त्यांनी विचारले, “हे वाचणार कोण?” मी म्हटले, असतील कोणी आपल्या घरात निवांत बसलेले लोक. “कुठल्या खोलीत बसून वाचतील?” त्यांनी विचारले. ते मी कसे सांगणार, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी मोजपट्टी काढून तळहातावर ठेवली. मी भित्रा माणूस. मी तुमचा पत्ता देऊन टाकला.